अरण्य, गाव आणि दप्तर
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 मराठीच्या प्राध्यापकाने साहित्यावर बोलावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र आज अरण्याविषयी, आणि त्याहून अधिक अरण्यातल्या गावांविषयी बोलणार आहे. त्या विषयाचा ग्रंथालयाशी संबंध काय, हे ओघात स्पष्ट होईल, अशी आशा आहे.

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग आपल्या परिचयाचा आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वळते. भीमगडाच्या परिसरातून निघणारी म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते. त्याच रानात बारापेडे गुहा आहेत. त्यांतील ज्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी 1913 साली केले, ते जगात केवळ येथेच आढळते अशी दीर्घकाळ समजूत होती. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. असे हे रान राखले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. कर्नाटक सरकारने 2011 साली सुमारे 190 चौरस किलोमीटरचे भीमगड वन्यजीव अभयारण्य घोषित केले, त्याचे मी स्वागतच करतो. परंतु याच रानात गवाळी, कोंगळा, पास्टोली, जामगाव, तळेवाडी अशी लहान लहान मराठी गावे आहेत. रान राखण्याच्या कारभारात या गावांचे स्थान कोणते, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

बोलण्यात आपण ‘अभयारण्य’ आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायद्याच्या लेखी त्यांत मोठे अंतर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू ठेवण्याची मुभा देता येते. राष्ट्रीय उद्यानात मात्र सारे हक्क सरकारजमा होतात आणि गुरे चारण्यास मज्जाव असतो. 1872 साली अमेरिकेत यलोस्टोन येथे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांना त्या भूमीत स्थान उरले नाही. माणूस वजा केला म्हणजे निसर्ग शिल्लक राहतो, ही कल्पना त्या काळची आहे. आपल्या कायद्यावरही तिची छाया पडली.

तरीही याच कायद्यात गावकऱ्यांची दखल घेणारे एक कलम आहे, एकविसावे. अभयारण्याचा इरादा जाहीर झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी साठ दिवसांच्या आत गावोगाव जाहीरनामा लावावा आणि तो प्रादेशिक भाषेत असावा, असे ते सांगते. ज्याचा काही हक्क असेल त्याने दोन महिन्यांत लेखी अर्ज करावयाचा. आता आपणच विचार करा. राज्याची प्रादेशिक भाषा कन्नड. गावात वाचली जाते ती मराठी. सीमाप्रश्नाची चर्चा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे, आणि कन्नड भाषेविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण जो कागद वाचता येत नाही, त्याची मुदत कळणार कशी? भाषेचा प्रश्न केवळ शाळेत आणि दुकानाच्या पाटीवर असतो, असे आपण मानतो. तो रानातल्या चराईच्या हक्कापर्यंत पोहोचलेला असतो. शिवाय क्षेत्र आधीपासूनच राखीव जंगल असेल, तर ही चौकशी पुन्हा करावी लागत नाही. ती इंग्रजी अमदानीतच झाली, असे गृहीत धरले जाते. म्हणजे नातवाचा हक्क पणजोबांच्या काळातल्या कागदावर अवलंबून राहतो.

कागद नसले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. वारणेच्या खोऱ्यातील चांदोली 1985 साली अभयारण्य झाले आणि 2004 साली सुमारे 318 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. 2010 साली कोयनेसह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथून उठलेली माणसे सांगली-कोल्हापूरच्या सपाटीवर आली. जमिनीसाठी आणि नागरी सुविधांसाठी त्यांना श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोल्हापुरात ठिय्या देऊन बसावे लागले. रान सुटले ते कायमचे. त्याच्या बदल्यात जे मिळावयाचे, त्यासाठी मात्र वर्षामागून वर्षे गेली.

या इतिहासाला छेद देणारा कायदा संसदेने 2006 साली केला. त्याला आपण वनहक्क कायदा म्हणतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे मांडावयाचा, आणि दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून काढावयाचे नाही, असे तो सांगतो. त्याच कायद्याने रान, वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत राखण्याची जबाबदारीही हक्कदारांवर आणि ग्रामसभेवर टाकली आहे. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य त्याच्या कक्षेबाहेर नाहीत.

आपल्या भागासाठी यात एक अवघड अट आहे. अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या वननिवाशांनी 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तेथे वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. खानापूरच्या रानातील पुष्कळ शेतकरी आणि गवळी-धनगर कुटुंबांना ही अट लागू आहे. म्हणजे पुरावा 1930 च्या सुमाराचा हवा. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होते. सरकारी कागद काही कानडीत, काही मराठीत, काही इंग्रजीत. घरातले कागद पुष्कळदा मोडीत. आणि ते असतात कोठे? आढ्याला टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत, जेथे दर पावसाळ्यात वाळवी येते.

आता मी ग्रंथालयाकडे वळतो. कोणता पुरावा ग्राह्य धरावा, याची यादी या कायद्याच्या नियमांत दिली आहे. तीत मतदार ओळखपत्र आणि शिधापत्रिका आहेतच. त्यांच्या जोडीला गॅझेटियर, जनगणना, जमीन मोजणी आणि आकारणीचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या जुन्या कार्ययोजना आहेत. विहिरी, स्मशानभूमी, पवित्र स्थळे हाही पुरावा आहे. वंशावळ चालते. वृद्धांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिकतही चालते. अमुकच कागद आणा, असा आग्रह समित्यांनी धरू नये, असे 2012 च्या सुधारणेने स्पष्ट केले. ही यादी वाचताना एखाद्या जुन्या वाचनालयाची ग्रंथसूचीच वाचतो आहोत, असा भास होतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव जिल्ह्यावरील एकविसावा खंड 1884 साली प्रसिद्ध झाला. रानातील कुमरी शेतीसारख्या व्यवहारांच्या नोंदी अशाच ग्रंथांत सापडतात. अशा ग्रंथाला आपण ‘दुर्मीळ’ अशी चिठ्ठी लावतो आणि कुलूपबंद कपाटात ठेवतो. कोंगळ्याच्या शेतकऱ्याला तो आपल्या उपयोगाचा आहे, हे ठाऊक नाही. आणि आपल्यालाही आपला वाचक तेथे आहे, हे ठाऊक नाही.

हक्क दिले तर रान उजाड होईल, अशी शंका घेतली जाते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आपल्याच राज्यात बिळिगिरी रंगनाथ डोंगरात 2011 च्या ऑक्टोबरात सोलिग समाजाच्या 25 ग्रामसभांना व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात सामूहिक हक्क मिळाले. वाघ तेथे आजही आहेत. उलट, जेथे माणूस आणि रान यांच्यातला विश्वास तुटतो, तेथे काय घडते ते जानेवारी 2020 मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात दिसले. म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ चार वाघ विषप्रयोगाने मेले. त्यामागे गुरे मारली गेल्याचा राग होता. अशा रागाला वेळीच भरपाई आणि ऐकून घेणारा अधिकारी भेटला नाही, तर कुंपणे आणि पहारेकरी अपुरे पडतात.

2025 च्या मे महिन्यात भीमगडातील तळेवाडीच्या 27 कुटुंबांना स्थलांतरासाठी प्रत्येकी 15 लाख रुपयांपैकी 10 लाखांचा पहिला हप्ता देण्यात आला. ही कुटुंबे स्वेच्छेने निघाली, असे सांगितले गेले. त्यांच्या निर्णयावर मी टीका करणार नाही. पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागते तेथे राहा, असे शहरात बसून सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ शिकवणाऱ्या माणसाला एवढे विचारता येईल: राहण्याचा हक्क कागदावर नोंदलेला असता, आणि साकव व दवाखाना जवळ असता, तर उत्तर हेच आले असते काय? दोन वाटा खुल्या असतील तेव्हाच एकीची निवड झाली असे म्हणता येते. तळेवाडीचा निर्णय झाला. इतर गावांपुढे हा प्रश्न उद्या येईल. तो येण्यापूर्वी त्यांचे दप्तर तयार असावे.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने मी तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, आपल्या संग्रहातील गॅझेटियर, जुने अहवाल आणि नकाशे यांची स्वतंत्र सूची करावी आणि संबंधित पानांच्या प्रती गावकऱ्यांना विनामूल्य द्याव्यात. दुसरी, मोडी वाचणारे जे थोडे सभासद आपल्यात आहेत, त्यांनी वर्षातून काही दिवस त्या गावांतील पेट्या उघडून बसावे. तिसरी, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन वृद्धांच्या हकिकती आजच लिहून घ्याव्यात. ज्यांना 1930 नंतरची दोन दशके आठवतात, अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. वनखात्याचे जाहीरनामे आणि ग्रामसभेचे नियम सोप्या मराठीत करून देणे हेही आपल्याच आवाक्यातले काम आहे.

आपल्या पूर्वसूरींनी शंभर वर्षांपूर्वी हे वाचनालय काढले, ते वाचणाऱ्यापर्यंत पुस्तक पोहोचावे म्हणून. पुस्तकाची गरज असलेला एक वाचक आजही रानात उभा आहे. त्याच्यापर्यंत जाण्याची वाट खानापूरहून पुढे कच्ची आहे, एवढीच काय ती अडचण.