स्वागताध्यक्षीय भाषण : अक्षराखालचा स्वल्पविराम



शुद्धलेखन-तपासकांच्या विचारार्थ भरलेल्या या परिषदेत प्रारंभीच रुमानियन भाषेचे उदाहरण पुढे ठेवणे स्वागत समितीला अगत्याचे वाटते, कारण एका चिन्हाची नोंद चुकल्याने साऱ्या भाषेचे संगणकीय लेखन किती काळ विस्कटते, हे त्यातून स्वच्छ दिसते.

रोमन लिपीतल्या या भाषेत 'श' आणि 'त्स' हे उच्चार दाखवणाऱ्या अक्षरांखाली स्वल्पविराम असतो. तो गळला की 'पेश्ते' म्हणजे मासा याचे 'पेस्ते' म्हणजे 'वर' होते आणि 'फात्सा' म्हणजे चेहरा याचे 'फाता' म्हणजे मुलगी होते. संगणकाच्या जुन्या अक्षरसंचांत मात्र स्वल्पविरामाच्या जागी सेडिला, म्हणजे तुर्की लेखनात रूढ असलेले, अक्षराला चिकटलेले आकड्यासारखे चिन्ह, नोंदले गेले. जगातील लिप्यांना संकेतांक देणाऱ्या युनिकोडने १९९९ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत स्वल्पविरामाच्या अक्षरांना स्वतंत्र स्थान दिले, तरी टंक आणि कळफलक मागेच राहिले, आणि रुमानिया युरोपीय संघात गेला त्या २००७ सालाच्या सुमारास, विंडोज व्हिस्टाबरोबर, ती अक्षरे सर्वसामान्यांच्या हाती आली. तोवरचा मजकूर सेडिलात साठला होता. डोळ्यांना जवळजवळ सारखी दिसणारी ही अक्षरे यंत्राच्या लेखी निराळी असल्याने, शब्दयादीत एक रूप आणि मजकुरात दुसरे असले की निर्दोष वाटणाऱ्या शब्दाखालीही लाल रेघ उमटते.

शब्दयादीत दोन्ही रूपे भरून ही रेघ पुसता येते. परंतु तसे केल्यास चूकच प्रमाण ठरते आणि पुढच्या पिढीच्या लेखनात ती कायमची मुरते. शोधयंत्राने दोन्ही रूपे एकच मानावीत, कारण वाचकाला जुना मजकूर सापडलाच पाहिजे. तपासकाने मात्र शुद्ध रूपच मान्य करून जुन्याच्या जागी ते सुचवावे. हनस्पेल या मुक्त तपासकात अशा अदलाबदलीचा तक्ता देण्याची सोय आहेच.

मराठीतही 'वऱ्हाड' किंवा 'सुऱ्या' यांतला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो : नुक्ताधारी 'ऱ' आणि हलन्त यांनी, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांनी. पडद्यावर फरक दिसत नाही, यादीत मात्र शब्द दोन होतात. त्यांपैकी एकच संकेतक्रम प्रमाण मानून दुसऱ्याच्या रूपांतराचा नियम या परिषदेने लिहून द्यावा, अशी सर्व अभ्यासकांना समितीची आग्रहाची विनंती आहे.