फाटलेल्या आवाजाची चौकशी



कामगार संघटनेच्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो बोनसवर नाही तर संपावर बोलणार, असा आपला अंदाज असेल. आज आम्ही गिटारवर बोलणार आहोत. आम्हाला गिटार वाजवता येत नाही, आणि आमचे शाळेचे शिक्षण नववीपर्यंतचे; पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु चौकशीचे काम आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत आणि ही हकिगत एका चौकशीचीच आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील दोन तरुणांचा तंटा आमच्यापुढे आला. एकाने दुसऱ्याकडून गिटारचे एक वापरलेले पेडल विकत घेतले होते. पेडल म्हणजे तळहातावर मावेल एवढी धातूची डबी. गिटारची वायर तीत शिरते, तेथून ॲम्प्लिफायरला जाते, आणि पायाने खटका दाबला की गिटारचा आवाज फाटतो. हे पेडल बॉस या जपानी कंपनीचे, १९७८ साली प्रथम निघालेले, नारिंगी रंगाचे डीएस-वन होते. घेणारा म्हणाला, "काका, याच्या घरी आवाज कसा भरदार होता! माझ्या घरी पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा येतो. मला फसवलंय." विकणारा म्हणाला, "पेडल ठणठणीत आहे. याचा हातच कच्चा आहे." घेणाऱ्याच्या वडिलांनी ओव्हरटाइम करून पैसे दिले होते. दोघे एकाच बँडमध्ये वाजवीत, आणि आता बोलणे बंद झाले होते.

"हात कच्चा" हे शब्द ऐकून आम्ही सावध झालो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात एका लेथवरचा माल सारखा रिजेक्ट होई, म्हणून त्या कामगारावर निष्काळजीपणाचा आरोप ठेवला गेला. नोकरी जाण्याची वेळ आली. आम्ही एवढेच मागितले की, त्या लेथवर दुसरा माणूस उभा करा आणि या माणसाला दुसरा लेथ द्या. दुसऱ्या माणसाचाही माल बिघडला आणि आरोपीचा माल दुसऱ्या लेथवर अचूक मापात उतरला. बेअरिंग झिजले होते. त्या दिवसापासून आमचा नियम ठरून गेला: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि मग बोलावे.

तेव्हा आधी त्या डबीत काय आहे ते पाहिले. गिटारच्या तारेपासून निघणारी वीज फारच क्षीण असते. पेडल तिला कितीतरी पटींनी वाढवते आणि मग उलटसुलट जोडलेल्या दोन डायोडांपुढे उभे करते. हे डायोड साधारण ०.६ व्होल्टच्या वरची लाट छाटून टाकतात. गोल लाटेचे माथे असे सपाट झाले की मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे नवे स्वर तीत उमटतात. तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो तो पाचपट कंपनांचाच स्वर होय. मिरजेचा कारागीर जवारी काढतो ती अशा स्वरांना वाव मिळावा म्हणूनच. त्याची रीत निराळी, पण कानाची ओढ तीच.

आवाज फाटणे हा मुळात बिघाड. आमच्या गेटसभेत कोणी माइकला तोंड लावून ओरडला की जे होते तेच हे. १९६१ साली मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचे 'डोन्ट वरी' हे गीत गाजले. नॅशव्हिल येथे त्याचे ध्वनिमुद्रण होताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज गुरगुरत उमटला. तो तसाच ठेवला गेला. लोकांना तो आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग ट्रान्झिस्टरांच्या साह्याने तोच बिघाड मुद्दाम घडवणारे यंत्र तयार केले, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजले आणि त्याचा खप वाढला.

आता चौकशीकडे येऊ. एका रविवारी संघटनेच्या कार्यालयात दोन गिटार आणल्या. एकीच्या तारांखाली एकेरी वायंडिंगचे पिकअप, दुसरीत दुहेरी. ॲम्प्लिफायर तीन: विकणाऱ्याचा व्हॉल्व्हचा, घेणाऱ्याचा सरावाचा लहान ट्रान्झिस्टरचा, आणि तिसरा आमच्या सभांचा, भोंग्यासकट. पेडलच्या तिन्ही बटनांवर खडूने खुणा केल्या आणि ती हलवायची नाहीत असे ठरवले. चार ऐकणारे भिंतीकडे तोंड करून बसवले. प्रत्येक वेळी आवाजाची पातळी मोबाइलवर मोजून सारखी केली; कारण मोठा आवाज तोच चांगला वाटतो, हे आम्हा पुढाऱ्यांइतके कोणाला ठाऊक असणार?

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर दोन्ही गिटार भरदार वाजल्या. तो स्वतःच थोडा फाटत होता, आणि व्हॉल्व्ह लाटेचे माथे एकदम न छाटता हळूहळू वाकवतो. लहान ॲम्प्लिफायरवर एकेरी वायंडिंगची गिटार लावताच गांधीलमाशी हजर झाली, वर विजेची घरघर. कारण पेडल स्वराबरोबर घरघरही वाढवते. दुहेरी वायंडिंगमध्ये दोन्हींची घरघर एकमेकींना खोडते. ती गिटार लावली तेव्हा घरघर गेली आणि निम्मी बोचही गेली. भोंग्यावर तर कानात बोटे घालावी लागली. तरी सर्वांत जास्त शिकवले ते भोंग्यानेच. तो बोलण्यातली अक्षरे दूर पोचवण्यासाठी केलेला. खर्ज गाळतो आणि तीव्र स्वर पुढे ढकलतो. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा मोठा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे सोडत नाही. फाटलेल्या आवाजाची बोचरी कड तेथे गाळली जाते.

शेवटी हात बदलले. दोघांनी आळीपाळीने तेच वाजवले. कोण वाजवतो आहे हे चौघांपैकी दोघांनी चुकीचे सांगितले. कच्च्या हाताचा आरोप तेथेच निकालात निघाला.

मग खडूच्या खुणा पुसल्या. लहान ॲम्प्लिफायरवर टोनचे बटन पावावर आणले, डिस्टॉर्शन निम्मे केले आणि ॲम्प्लिफायरचे तीव्र स्वर उतरवले. पूर्ण कॉर्डऐवजी सा आणि प एवढेच वाजवायला सांगितले. पुष्कळ स्वर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचा गोंधळ माजतो. सा-प यांच्या वजाबाकीतून मात्र खालचा सा निघतो, म्हणून ती जोडी भक्कम लागते. व्हॉल्व्हची सर आली नाही, पण माशी उडाली.

आमचा निर्णय असा झाला. पेडल निर्दोष, हातही निर्दोष. गिटार, पेडल, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मिळून एकच वाद्य होते, आणि सौदा मात्र त्याच्या एका तुकड्याचा झाला होता. विकणाऱ्याने खोटे सांगितले नाही, परंतु आपल्या ॲम्प्लिफायरवरचा आवाज दाखवून माल विकला. तेव्हा महिन्याच्या आत मागितल्यास त्याने पैसे परत द्यावेत. दोघांनी मान्य केले.

महिना उलटला, पेडल परत गेले नाही. घेणाऱ्याचे वडील भेटले तेव्हा म्हणाले, "भाऊ, आवाज अजून फाटकाच आहे की!" आम्ही म्हटले, "त्याचेच पैसे दिलेत तुम्ही." ते हसले. मुलगा आपल्याला फसून आला, ही त्यांच्या मनातली सल मात्र गेली होती.

बंधुभगिनींनो, दोष कोणाचा हे आधी ठरवून मग चौकशी बसवण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. पुढच्या वेळी निदान एक वायर काढून दुसरीकडे लावून पाहावी, एवढेच आमचे सांगणे.