हरेलचा उंचावरचा दिवा

साल १९२९. हॉलिवूडची अभिनेत्री नॉर्मा शिअरर जॉर्ज हरेल या तरुण छायाचित्रकाराच्या स्टुडिओत आली. ‘द डिव्होर्सी’ या चित्रपटाची धीट नायिका तिला साकारायची होती; पण निर्माता असलेला तिचा नवरा, अर्विंग थॅलबर्ग, तयार होईना. हरेलने काढलेले फोटो पाहून तो राजी झाला. शिअररला भूमिका मिळाली, पुढे ऑस्करही. आणि १९३०मध्ये हरेल एमजीएम या चित्रपट कंपनीत रुजू झाला.

हरेल दिवा लांब दांड्याला टांगून उंचावरून चेहऱ्यावर सोडायचा. समोरून असा प्रकाश आला आणि हनुवटी जराशी वर उचलली, की नाकाखाली इवलीशी सावली पडते, गालफडं उठून दिसतात. मागून केसांवर पडणारा झोत आकृतीला काळोखातून सुटं करतो. ग्लॅमरचं सगळं श्रेय मेकअपला देणाऱ्यांनी हे फोटो जरूर पाहावेत.

देहाचा आकारही उजेडावर आणि उभं राहण्यावर ठरतो. छाती थेट कॅमेऱ्याकडे आणि उजेड समोरून असेल, तर शरीर सपाट दिसतं. खांदे तिरपे, भार एका पायावर, प्रकाश बाजूने, की कमरेचा बाक आणि रेशमाची प्रत्येक चुणी दिसू लागते.

मॉडेलचं अवघडलेपण जावं म्हणून हरेल ग्रामोफोन लावायचा. उरलेलं काम, म्हणजे रिटचिंग, निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने व्हायचं.