हिरव्या गाडीची पाठवणी

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



१९७५ साली नव्या दहावीची पहिली तुकडी म्हणून आपण शाळेबाहेर पडलो, त्याला पन्नास वर्षं झाली. संयोजकांनी मला इंग्लंडमधल्या वास्तव्याबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. एवढी वर्षं पाच मिनिटांत मावायची नाहीत. म्हणून तिथे तेहतीस वर्षं सांभाळलेल्या आणि गेल्या वर्षी विकलेल्या एका गाडीबद्दलच बोलतो.

ती १९७१ सालची एमजीबी. दोन माणसांची, कापडी टपाची, गडद हिरवी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळचं ऑक्सफर्डचं. एमजीबी जवळच्याच ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनली आणि पाच लाखांवर गाड्या निघाल्या. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. नोकरदार माणसाच्या हौसेची. मी १९९१ मध्ये घेतली तेव्हा कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. पण सुटे भाग सहज मिळत. जुनेच साचे वापरून केलेल्या नव्या बॉड्यासुद्धा १९८८ पासून मिळू लागल्या होत्या.

इंजिन साधं, १७९८ सीसीचं. त्याला दोन कार्बोरेटर. दोन्ही सारखी हवा ओढतात की नाही, हे रबरी नळीचं एक टोक कानाला लावून ऐकायचं. आवाज जुळेपर्यंत स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. ही चिकाटी कुठून आली ते सांगतो. शाळेच्या वर्कशॉपमध्ये सरांनी आम्हांला लोखंडाचा तुकडा कानसून काटकोनात आणायला लावलं होतं. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं, फट दिसली की पुन्हा कानस. मला तीन आठवडे लागले होते. सर, कॉव्हेंट्रीतल्या थंडगार गॅरेजमध्ये ते तीन आठवडे मला पुष्कळ वर्षं पुरले.

मग विकली का? गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं जड जाऊ लागलं. त्यातच आम्ही घर सोडून फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. तिथे गॅरेज नाही. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. अशा गाडीला उघड्यावर ठेवणं म्हणजे तिला गंजायला सोडणं.

तिघे जण बघायला आले. पहिला गाड्यांचा व्यापारी. त्याने सर्वांत जास्त पैसे सांगितले, पण बॉनेट उघडूनही पाहिलं नाही. दुसऱ्या गृहस्थांकडे अशा सहा गाड्या होत्या, सगळ्या चादरीखाली झाकलेल्या. पण उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. ब्रेक धरतात, रबर तडकतं. तिसरी एक तरुण मुलगी, बस डेपोत मेकॅनिक. आल्या आल्या ती सतरंजी टाकून गाडीखाली शिरली, हातात टॉर्च आणि लोहचुंबक. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दाराखालचा पत्रा महत्त्वाचा. लांबी भरून रंग दिलेला असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही. बाहेर येऊन ती म्हणाली, "चुंबक सगळीकडे धरतो, पण डावा पत्रा दोन वर्षांत बदलावा लागेल." व्यापाऱ्यापेक्षा तिने दीड हजार पौंड कमी सांगितले. पत्र्याबद्दल तिचं म्हणणं बरोबर होतं, हे मला माहीत होतं.

रात्रभर मी विचार करत बसलो. दीड हजार पौंड ही निवृत्त माणसाला लहान रक्कम नाही. सौ. म्हणाली, "अहो, गाडी विकताय की मुलगी देताय?" सकाळी मी त्या मुलीला फोन केला.

तिथल्या गाडीच्या नोंदणीपत्रावर एक गंमत आहे. हा मालकीचा पुरावा नाही, असं त्यावर स्पष्ट छापलेलं असतं. ज्याच्या नावावर गाडी असते त्याला म्हणतात 'कीपर', म्हणजे सांभाळणारा. इतकी वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता. त्या दिवशी नव्या कीपरची हिरवी चिठ्ठी फाडून तिच्या हातात देताना तो शब्द खरा वाटला. सोबत पावत्यांची फाइल दिली, इंची पाने दिले आणि ती रबरी नळीही दिली. थंडीत चोक किती ओढायचा ते दाखवलं. ती गेली तेव्हा मी फाटकात उभा राहिलो नाही, घरात येऊन चहा टाकला. पण वळणावर तिने गिअर बदलला तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. गिअर व्यवस्थित पडला होता.

मित्रांनो, आपण सगळे आता वस्तू जमवण्यापेक्षा त्या कुणाला द्याव्यात, याचा विचार करायच्या वयात आलोय. घर असेल, शेत असेल, पुस्तकं असतील, आजीची पितळी भांडी असतील. किंमत कोण जास्त देतो ते जरूर पाहा. पण वाकून खालचा पत्रा कोण तपासतो, तेही पाहा.

गेल्या महिन्यात त्या मुलीचा फोटो आला. डावा पत्रा बदललाय, जोड तिने स्वतः दिलाय. सर, तुमच्या गुण्याला तो पास झाला असता.