खाटेच्या उजव्या बाजूला



पोट कसं तपासावं, हे वैद्यकीय विद्यार्थ्याला वॉर्डात शिकवतात. खाटेच्या उजव्या बाजूला उभं राहायचं. हात गार असतील तर आधी चोळून घ्यायचे. कुठं दुखतं ते विचारायचं आणि नेमकी ती जागा सगळ्यात शेवटी तपासायची. हात पोटावर ठेवायचा, नजर मात्र रुग्णाच्या चेहऱ्यावर. दुखलं की कपाळाला आठी पडते. बोलायला बुजणारा माणूस ‘आई गं’ म्हणेलच असं नाही. आता मला सांगा, हे कसब झालं की माणुसकी? मला तरी त्यांच्यामध्ये रेघ मारता येत नाही. आपण वैद्यकीय शिक्षणात मात्र ती मारली, आणि संशोधनाला तर पार तिसऱ्या खोलीत बसवलं.

2019 पासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला. वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी त्यात ‘एटकॉम’ नावाचा भाग आहे. हेतू चांगलाच आहे. पण चांगल्या गोष्टीची वही झाली आणि वहीवर सही लागू लागली, की जर्नलं उतरवण्यात तरबेज झालेली आपली मुलं सहानुभूतीसुद्धा एका रात्रीत उतरवून काढतात!

सहानुभूती वहीतून येत नाही, हे सेवाग्रामला फार आधी ओळखलं गेलं. सुशीला नायर यांनी 1969 साली तिथं वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, शिबिरात त्या गावी मुक्कामाला राहते, आणि विद्यार्थ्यांना घरं वाटून दिली जातात. लोहाच्या गोळ्या देऊनही एखाद्या घरातल्या सुनेचं हिमोग्लोबिन का चढत नाही? गोळ्यांनी मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून तिनं त्या गुपचूप बंद केलेल्या असतात. ओपीडीत ती हे सांगत नाही. घरी आलेल्या विद्यार्थ्याला ओट्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सांगते.

संशोधन इथंच सुरू होतं, मंडळी. महाडजवळच्या बिरवाडीचं उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत, त्यांत मुलं पुष्कळ. बावस्करांनी काय केलं? रुग्णाजवळ बसून राहिले. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, आधी चढणारा रक्तदाब, मग फुफ्फुसात साचणारं पाणी, हे सगळं ते क्रमानं टिपत गेले. विषामुळं शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं. मग रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन, ही साधी, तोंडानं घ्यायची गोळी, त्यांनी या रुग्णांना दिली. मृत्यू झपाट्यानं खाली आले. 1982 पासून ‘लॅन्सेट’मध्ये हे काम छापून येत गेलं. हाताशी प्रयोगशाळा नव्हती. घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र आणि कागद होता. विद्यार्थ्याला संशोधन दाखवायचं असेल तर मी हे दाखवीन.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या छोट्या प्रकल्पाची शिष्यवृत्ती आहे. सगळे तिला ‘एसटीएस’ म्हणतात. मला ती फार मोलाची वाटते, फक्त विद्यार्थ्यानं स्वतःचा प्रश्न घेऊन जावं. वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोबाइलच्या सवयींची प्रश्नावली फिरवायची आणि टक्केवारी काढायची, याला आकडेमोड म्हणू या.

खरी गोची इंटर्नशिपमध्ये आहे. शिरेत सुई घालायची, टाके घालायचे, बाळंतपण करायचं, नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची, या सगळ्यासाठी हे हक्काचं वर्ष. पण पुढं पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी परीक्षा उभी. म्हणून इंटर्न ग्रंथालयात एमसीक्यू सोडवत बसतो, आणि मी त्याला दोष देत नाही; आपण जे मोजतो तेच तो शिकणार. पदव्युत्तर प्रवेशात खाटेजवळच्या कामाला वजन द्या. वशिला घुसेल, ही भीती खरी आहे. मग परीक्षक दुसऱ्या महाविद्यालयातले आणा, पण मोजा.

तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात दाखल असाल आणि एखादा पोरगेला विद्यार्थी तपासायची परवानगी मागायला आला, तर जमलं तर हो म्हणा. तो परवानगी न मागताच सुरू झाला, तर मात्र खुशाल थांबवा.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुढं पाठवा.