चाळिशीनंतर विद्यार्थी व्हिसा

चाळिशी ओलांडली की परदेशी शिक्षणाचा मार्ग बंद होतो, ही समजूत चुकीची आहे. ऑस्ट्रेलियाचंच पाहा. तिथल्या विद्यार्थी व्हिसाला कमाल वयाची अट नाही. अर्जदार खरा विद्यार्थी आहे का, हे मात्र 23 मार्च 2024 पासूनच्या नव्या निकषानुसार तपासलं जातं. हाच अभ्यासक्रम का, घरची आणि नोकरीची सध्याची स्थिती काय, शिक्षणाचा पुढे उपयोग काय, हे अर्जात लिहावं लागतं. इथे अनुभवी माणसाची बाजू भक्कम ठरू शकते. अनेक वर्षं रुग्णसेवा केलेल्या परिचारिकेला रुग्णालय व्यवस्थापन शिकायचं असेल, तर तिची अनुभवपत्रंच तिच्या हेतूची साक्ष देतात.

कुणी म्हणेल, शिकून पुढे काय? हा आक्षेप रास्त आहे. शिक्षणानंतर तिथे काम करू देणाऱ्या पदवीधर व्हिसाला 1 जुलै 2024 पासून बहुतेकांसाठी 35 वर्षांची मर्यादा आहे. पीएचडी आणि संशोधनपर पदव्युत्तर पदवीधारकांना 50 वर्षांपर्यंत सवलत मिळते. पण यामुळे शिक्षण निरर्थक ठरत नाही, फक्त हिशेब बदलतो. म्हणून शैक्षणिक कर्ज घेताना परतफेड तिथल्या पगारावर नव्हे, इथे परतल्यावर मिळणाऱ्या कामावर मोजा, आणि नियम एजंटाच्या तोंडून न ऐकता अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा.