प्रतिजैविक सुरू असताना दुखण्याची गोळी



दवाखान्यातून प्रतिजैविक, म्हणजेच अँटिबायोटिक, घेऊन आपण घरी येतो. रात्री अंग ठणकू लागले की हात औषधांच्या डब्याकडे जातो. डब्यातील गोळी या औषधासोबत चालेल काय, हा प्रश्न बहुधा गोळी घेऊन झाल्यावर सुचतो.

अमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन यांसारख्या नेहमीच्या प्रतिजैविकांबरोबर पॅरासिटामॉल सहसा सुरक्षित असते. निरोगी प्रौढाने दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे व २४ तासांत ४ ग्रॅमची, म्हणजे ४,००० मिलिग्रॅमची, मर्यादा ओलांडू नये. ती ओलांडली जाते नकळत. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा घेतली, तर २,६०० झाले. कंबरदुखीसाठी ॲसेक्लोफेनॅकची जोडगोळी दोनदा घेतली. तिच्यात ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सर्दीची गोळी तीनदा घेतली. तिच्यातही अनेकदा ५०० असते. बेरीज ४,७५० होते, आणि घेणाऱ्याला वाटते की आपण तीन निरनिराळी औषधे घेतली. यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी बहुधा जाणवत नाही. मद्यपान करणारे, यकृताचे रुग्ण व क्षयरोगाची औषधे घेणारे यांनी आपली मर्यादा डॉक्टरांनाच विचारावी.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्याबाबत अधिक सावध राहावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन यांच्यासोबत ती घेतल्यास झटके येण्याचा धोका वाढतो. अपस्माराच्या रुग्णांत विशेषतः. जेंटामायसिन वा ॲमिकासिनची इंजेक्शने सुरू असतील, तर मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झाले असताना हा भार वृद्धांना सोसत नाही. पावसाळ्यातील तापात डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत आयब्युप्रोफेन व ॲस्पिरिन घेऊच नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे.

दुकानात पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या जातात आणि औषधाचे नाव उरलेल्या तुकड्यावरच राहते. नाव लिहून मागण्यास संकोच करू नये. पट्टीवर उभी लाल रेषा असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. शेजाऱ्याने दिले तरीही.

पॅरासिटामॉलने ताप उतरतो, संसर्ग जात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी प्रतिजैविक स्वतःहून थांबवू नये. अंगावर पुरळ, ओठ वा चेहऱ्यावर सूज, धाप, झटका, काळसर शौच किंवा डोळ्यांना पिवळेपणा दिसल्यास पुढची मात्रा न घेता, घेतलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या सोबत घेऊन तत्काळ रुग्णालयात जावे.